घरची फुंक

जत्रेच्या कमिटीचा धाकू पाटील ओसरीवर आला तेव्हा धोंडीबा पेज पीत होता, आणि प्यालेल्यातली निम्मी पेज डाव्या ओठातून गळून उपरण्यावर येत होती. रखमाबाईनं पुढं होऊन नवऱ्याची हनुवटी पुसली. परक्या माणसादेखत पुसली याचा धोंडीबाला एवढा संताप आला की त्यानं वाटीच ढकलून दिली. त्यांची सून विनिता आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बाही जोडत बसली होती. तिनं पाय थांबवला आणि कान ओसरीकडे लावला.

"मास्तर, मना वाईट वाटतं बोलायला," धाकू पाटील म्हणाला. "पन कमिटीची पोरां आयकत नाय. जत्रा सदतीस दिवसांवर आली. क्लारनेट कोन वाजवनार?"

धोंडीबानं उपरण्यानं ओठ दाबून धरला. बोललाच असता तर अर्धा शब्द वारा होऊन गेला असता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी माणूस झोपेतून उठला तो तोंड एका बाजूला ओढूनच. चूळ भरायला गेला तर पाणी तोंडात ठरेना. कल्याणच्या डॉक्टरनं चेहऱ्याची शीर सुजली म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आरशासमोर गाल फुगवायचे व्यायाम दिले. डोळा मिटायला लागला, पण ओठ काही मिटेना. आणि ज्याचे ओठ मिटत नाहीत त्यानं क्लारनेट कसं फुंकावं? बेचाळीस वर्षं फुंकलेल्या माणसाची ही गत झाली.

शहाडचा पूल ओलांडला की उल्हास नदीच्या अंगाला हे गाव. आता निम्म्या शेतांवर टॉवर उभे राहिलेत, तरी गावदेवीची पालखी अजून चैत पुनवेला उठते. उठताना एकच चाल वाजते, पाच सुरांची, आणि ती क्लारनेटवरच वाजते. वाजवायची धोंडीबाच्या घरातल्या माणसानं. भाड्याचा वाजंत्री चालत नाही. मान घरचा तर फुंकही घरची, असा शिरस्ता. धोंडीबाचा आजा जुन्नरकडून इथं आला तेव्हापासूनचा.

"पोराला, सुदेशला शिकवा," धाकू म्हणाला.

"त्याच्या छातीत काय राहिलंय?" रखमाबाई बोलली. "डोंबिवलीच्या त्या रंगाच्या कंपनीत जाऊन जाऊन खोकला धरलाय त्यानं. ढोल बडवतो तेवढंच. फुगा फुगत न्हाई त्याच्यानं."

"मंग मी तरी काय करू? पोरांनी बेंजो पार्टी बोलून ठेवलीय. पालखी उठताना क्लारनेट वाजला तर मान तुमचा. नाय वाजला तर बेंजो वाजंल, आनि एकदा त्यांनी वाजवला का तो मान परत यायचा नाय. तुमाला ठाव हाय."

ठाऊक होतंच. मान गेला की गावातली लग्नं गेली, हळदी गेल्या, आणि घरचा आठ माणसांचा बँड मोडला. विनिताला सगळं कळत होतं. अकरा वर्षं ती त्या आठ माणसांचे लाल कोट शिवत होती, बटणं लावत होती, घामाचे डाग काढत होती, आणि अकरा वर्षांत कुणी तिला बँडमधलं माणूस म्हणून मोजलं नव्हतं. ती उठली, पदर सारखा केला आणि दारात आली.

"मी घरचीच आहे ना?" ती म्हणाली. "मी वाजवते."

धाकू हसला. नंतर ती हसत नाही हे बघून थांबला. "अगं, पन बाईमानूस..."

"शिरस्त्यात घरचं माणूस म्हटलंय. पुरुष म्हटलंय का?"

धाकू उठला. "मी काय बोलू? वाजला पायजे, येवढाच," असं म्हणून त्यानं चपला सरकवल्या आणि निघून गेला.

तो वळला मात्र, रखमाबाईनं सुनेला धारेवर धरलं. "अक्कल गहाण ठेवलीस का? बेचाळीस वर्षं ह्यांच्या तोंडात होतं ते तू तोंडात घेणार? सासऱ्याचं उष्टं? आन् तुझं उष्टं देवीपुढं वाजवणार?"

"आत्या, मग दुसरं कोण आहे ते सांगा."

 सांगायला कुणी नव्हतंच. संध्याकाळी सुदेश शिफ्टवरून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो एवढंच म्हणाला, "बाबा काय बोलतात बघू." 

दुसऱ्या दिवशी सकाळी विनिता मशीनचं झाकण काढते तो धोंडीबा समोर येऊन बसला. मांडीवर काळी पेटी. ती पेटी घरात दुसरं कुणी उघडत नसे. दसऱ्याला तिच्यावर झेंडू वाहायचा तोही बाहेरून. त्यानं खटके उघडले. आत जांभळ्या मखमलीत वाद्याचे पाच तुकडे पाच खाचांत झोपलेले. त्यानं फुंकायचा तुकडा उचलला, मोरीवर गेला, गार पाण्यानं आतून बाहेरून धुतला, धोतराच्या फाडलेल्या तुकड्यानं पुसला आणि तिच्यापुढं ठेवला.

"आजपासून हे तोंड तुझं," तो म्हणाला. शब्द घरंगळत येत होते, पण कळत होते. "मी ओठ लावणार नाही. नवी पत्ती घे. आणि ऐक, पाणी लावायचं ते फक्त ह्याला. बाकीचं लाकूड आहे. त्याला थेंब नाही. कळलं?"

"कळलं, मामा."

रखमाबाई तेव्हा चुलीशी होती. तिला मोरीवरचं धुणं तेवढं दिसलं. पुढचं बोलणं फोडणीच्या आवाजात गेलं.

शिकवणी सुरू झाली ती वाजवण्यानं नाही, जोडण्यानं. आधी नळ्यांच्या टोकांवरच्या बुचाला बोटानं मेण चोळायचं. मग खालचा नळा घ्यायचा आणि त्याला खाली पसरट कर्णा लावायचा. विनितानं नळा मुठीत घट्ट धरला तशी धोंडीबानं तिच्या मनगटावर टिचकी मारली.

"चाव्यांवरून धरू नको. त्या वाकल्या तर मी कुठून आणू? जिथं चावी नाही तिथं धर. लहान पोराची मान धरतात तसं."

मग वरचा नळा. ह्याच्या टोकाला एक चपटी चावी, तिची जोडीदार खालच्या नळ्यावर. वरच्या भोकांभोवतीच्या कड्या बोटानं दाबून धरल्या की ती चावी उचलली जाते, आणि मग थोडं थोडं फिरवत एक नळा दुसऱ्यात बसवायचा. कडी दाबायला विसरलं की चावीवर चावी घासते. विनिता पहिल्याच फेरीत विसरली. कर्र असा आवाज आला आणि धोंडीबाचा चांगला डोळा मिटला. त्याच्या दाढेत कळ आल्यासारखं झालं.

"सोड. काढ. पहिल्यापासून."

सतरा वेळा तिनं ते जोडलं आणि सतरा वेळा काढलं. त्यावर आखूड गोल डबी, डबीवर तोंड. बोरूची पातळ, फुंकेनं थरथरणारी पत्ती जिभेवर ओली करायची, तोंडाच्या सपाट बाजूला ठेवायची, टोकाशी केसभर जागा सोडायची आणि वरून कडं सरकवून दोन स्क्रू आवळायचे. फार आवळले तर आवाज कोंडतो, कमी आवळले तर पत्ती सरकते. दुपार झाली तेव्हा तिच्या बोटांना मेणाचा वास येत होता आणि एक सूरही निघाला नव्हता. ग्राहकाच्या दोन ब्लाउजांचे गळे मात्र तसेच राहिले होते.

तिसऱ्या दिवशी तिनं पहिल्यांदा फुंकलं. देवा रे देवा! कोंबडं कापल्यासारखा जो काही आवाज निघाला! शेजारची गंगुबाई ओल्या हातानं धावत आली. "काय झाला गं? कोन पडला?"

"कुणी नाही पडलं, काकू. मी शिकतेय."

गंगुबाईनं ते नळावर सांगितलं, नळावरून ते नाक्यावर गेलं, आणि संध्याकाळी नाक्यावरची पोरं सुदेशला बघून तोंडानं पिपाणी वाजवायला लागली. सुदेश घरी आला तो कपाळाला आठ्या घालून. जेवताना म्हणाला, "दारं तरी लावून घेत जा." तेव्हापासून दारंखिडक्या लावून शिकवणी सुरू झाली. फाल्गुनाचं ऊन, पत्र्याचं छप्पर, आत पंखा बंद, कारण पंख्यानं पत्ती वाळते. विनिताच्या पोलक्यातून घाम वाहायचा आणि समोर सासरा बसलेला, म्हणून पदरही सैल करता यायचा नाही.

सगळ्यांत मोठी अडचण निराळीच होती. धोंडीबाला वाजवून दाखवता येत नव्हतं. ओठ मिटत नव्हते ते एक, आणि मिटले असते तरी सुनेच्या तोंडातलं त्यानं तोंडात कसं घ्यावं? तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातून लाटणं मागवलं. लाटणं छातीशी तिरकं धरून त्यावर तो बोटं चालवायचा आणि विनिता ती बोटं बघून आपली चालवायची. सूर तो गुणगुणून सांगायचा, तोही एका गालानं. रखमाबाईला चपात्या लाटायला नवं लाटणं आणावं लागलं. ती त्यावरून दोन दिवस धुसफुसत होती.

"खालचा ओठ दातांवर घे. चावू नको. गाल फुगवू नकोस. गाल फुगवतात ते जत्रेतले फुगेवाले. पोटातून फुंक."

"पोटातूनच फुंकतेय, मामा."

"मग दात का दिसतायत?"

दहाव्या दिवशी खालच्या ओठाच्या आतून रक्त आलं. बाराव्या दिवशी उजव्या अंगठ्याला, वाद्याचा भार घेतो तिथं, घट्टा पडला. मशीनवर सुई ओवताना तो दुखायचा. विनिता वर्तकनगरच्या शाळेत असताना बँडपथकात बासरी वाजवायची, त्यामुळं भोकं बोटानं नीट झाकायची सवय होती, तेवढंच काय ते तिचं भांडवल. एकविसाव्या दिवशी पहिला स्वच्छ सूर निघाला, जाड, काळा, लांब. धोंडीबानं लाटणं खाली ठेवलं. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. तो डोळा आजारानंच गळायचा, म्हणून विनितानं त्याचा अर्थ लावला नाही.

वाजवून झालं की नळे सुटे करायचे आणि दोरी बांधलेला धोतराचा तुकडा आतून ओढायचा. फुंकेची वाफ आत राहते, ती लाकडाला चढते. एक दिवस तिला मशीनच्या कामाची घाई होती म्हणून ती म्हणाली, "मग पुसते." धोंडीबा समोर बसून राहिला, ती पुसेपर्यंत. त्यानंतर ती कधी "मग" म्हणाली नाही.

रखमाबाई ह्या सगळ्यात बोलत नव्हती. बोलत नव्हती म्हणजे सुनेला जेवायला वाढायची, तिच्या ओठाला लोणी आणून द्यायची, पण वाद्य बाहेर निघालं की उठून मागच्या दारी जायची. तिच्या मनात काहीतरी टोचत होतं. देवीवर तिची श्रद्धा जबर, आणि भीती त्याहून जबर. धोंडीबाचं तोंड वाकडं झालं ते तरी कशानं? कुठंतरी काहीतरी चुकलं असणार, असं तिनं मनात पक्कं धरलं होतं. आता पुन्हा चूक व्हायला नको, एवढंच ती म्हणत होती, आणि तेही देवाशी, माणसांशी नाही.

चैत पुनव उजाडली. पालखी अकराला उठायची. साडेनऊला बँडची आठही माणसं देवळाच्या पटांगणात लाल कोट घालून उभी होती. विनिता हिरवं नऊवारी लुगडं नेसली होती आणि तिनं उपास धरला होता. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता. पलीकडे चिंचेखाली बेंजो पार्टी आपली स्पीकरची गाडी लावून तयार होती. त्यातला मयूर नावाचा बेंजोवाला तारा जुळवत होता आणि मधूनच इकडे बघत होता. भांडायला नव्हे, कामाला आला होता बिचारा.

"जोडून ठेव," धोंडीबा म्हणाला. "पण उन्हात ठेवू नको. मंडपात बस."

विनितानं पेटी उघडली आणि तिचा हात थबकला. मखमल दमट लागली. तिनं खालचा नळा उचलला. रोजच्यापेक्षा जड. मेण चोळून तिनं वरचा नळा त्याला लावला, कड्या दाबल्या, हलकेच फिरवलं. जाईना. पुन्हा फिरवलं. नळ्याचं टोक भोकात दोन दोऱ्यांएवढं शिरलं आणि अडकलं.  तिनं तो बाहेर काढला, आत डोकावून बघितलं. नळ्याच्या आतल्या अंगाला एक हिरवं पान चिकटलं होतं. तुळशीचं.

क्षणात तिला सगळं कळलं. पहाटे ती वेणीफणी करत होती तेव्हा मागच्या दारी घंगाळ्यात कुणीतरी पाणी ओतत होतं. बायकांच्या घोळक्यात ओटीचं ताट घेऊन रखमाबाई उभी होती. तिनं एकदा विनिताकडे बघितलं, आणि सुनेच्या हातात सुटे नळे बघून तिचा चेहरा पांढरा पडला. विनितानं पान मुठीत दाबलं.

"काय झालं?" धोंडीबा वाकला. त्यानं नळा हातात घेतला, अंगठा कडेवर फिरवला, आणि त्याचा आवाज चढला. "फुगलंय. लाकूड फुगलंय! कुणी भिजवलं हे?"

ढोल खांद्यावर घेतलेला सुदेश जवळ आला. ट्रम्पेटवाला साईनाथ आला. धाकू पाटील लांबून बघत होता, तोही आला. सगळे विनिताकडे बघत होते. तिला वाटलं, सांगून टाकावं. सदतीस दिवस रक्त आटवलं ते कुणाच्या तरी सोवळ्यापायी पाण्यात गेलं, हे ओरडून सांगावं.  पण मग म्हातारीचं तोंड पुन्हा गावात वर झालं नसतं.

"मी धुतलं, मामा. देवीपुढं वाजवायचं म्हणून."

धोंडीबाचा वाकडा चेहरा आणखी वाकडा झाला. "तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी! थेंब नाही म्हणून! बेचाळीस वर्षांत मी..." शब्द गळायला लागले, थुंकी उडाली, तरी तो थांबला नाही. "बाईच्या हातात दिलं तिथंच चुकलं माझं."

आठ माणसांसमोर, कमिटीसमोर, चिंचेखालच्या त्या मयूरसमोर. विनिताचे कान तापले. रडू येईल तर ओठ थरथरेल आणि ओठ थरथरला तर सूर जाईल, एवढंच तिला त्या घटकेला सुचलं, आणि तिनं रडू दाबलं. अजून दीड तास होता. लाकूड दीड तासात वाळत नाही. उन्हात ठेवलं तर तडकतं.

"जोर लाव," सुदेश म्हणाला. "मी लावतो."

"हात लावू नको!" धोंडीबा आणि विनिता एकदमच ओरडले.

धाकूनं मान हलवली. "मास्तर, येळ हाय तोवर सांगा. मी त्यांना उभा करतो."

धोंडीबा खाली बसला. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "करा उभं," तो म्हणाला. बेचाळीस वर्षं ज्यानं पालखी उठवली त्या माणसाचं हे बोलणं ऐकून साईनाथनं तोंड फिरवलं.

"थांबा," विनिता म्हणाली.

ती मांडी घालून बसली आणि तुकडे पदरावर मांडले. कर्णा बाजूला. खालचा नळा बाजूला. वरचा नळा आणि डबी तिनं हातात घेतली. डबी बसते तिथलं बूच कधीच गळून गेलं होतं, त्या जागी दोरा गुंडाळलेला होता. तिनं दातानं दोऱ्याचं टोक ओढलं आणि सात वेढे उलगडले. डबी लावली. अडली. आणखी चार वेढे. बसली. वर तोंड घातलं. साईनाथच्या सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद काढून चाव्यांच्या एकेका गादीखाली घातला, चावी दाबली, ओल टिपून घेतली. वरच्या नळ्याच्या गाद्या मोजून सात-आठ. 

"अगं, ते अर्धंच आहे," सुदेश म्हणाला.

"चाल पाच सुरांची आहे. डाव्या हाताखाली पाच सूर आहेत." तिनं सासऱ्याकडे बघितलं. "मामा, खालच्या हाताचे दोन सूर लागतात ते आपण चाल खालच्या सुरापासून उचलतो म्हणून. वरून उचलली तर? सगळी चाल वर सरकवली तर?"

धोंडीबानं मान वर केली. त्याचा डावा हात मांडीवर आपोआप हलायला लागला. तीन बोटं, अंगठा, मोकळा हात. एकदा. दोनदा. "बसते," तो पुटपुटला. मग एकदम म्हणाला, "पण ट्रम्पेट जुळायचे नाहीत. सूर बदलला."

"ते गप्प राहतील. नुसता ढोल."

"उजव्या हातानं खालून धर," धोंडीबा भराभरा बोलायला लागला. "पण नळ्याचं खालचं भोक झाकू नको. वारा तिथूनच बाहेर पडणार. आवाज बारीक येईल. येऊ दे. जोर लावलास की चिरकेल."

अकराला पाच कमी असताना भोई पालखीशी जाऊन उभे राहिले. विनिता पुढं आली. हातात हातभर लांबीचंसुद्धा नाही असं ते वाद्य बघून बायकांत कुजबुज झाली, नाक्यावरच्या पोरांतला एक जण हसला. पत्ती ओली करायला तिनं जीभ लावली तर जिभेला ओल नव्हती. उपास, ऊन आणि भीती. तिनं गाल आतून चावला, तोंडात जेमतेम पाणी सुटलं, तेवढं पत्तीला लावलं. सुदेशनं तिच्याकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या इशाऱ्याची वाट बघत होता. तिनं मान हलवली आणि ढोल पडला.

पहिला सूर चिरकला.

मयूरच्या बाजूचा स्पीकर खरखरला. कुणीतरी बटण चालू केलं होतं. विनितानं डोळे मिटले, पोट आत ओढलं, आणि दुसऱ्यांदा फुंकलं. सूर आला. बारीक, एकटा, पण सरळ. त्यामागून दुसरा. पटांगणात एवढी माणसं, पण तो आवाज ऐकायचा म्हणून सगळी गप्प झाली. एरवी बँडच्या गोंगाटात ह्या चालीत नेमके सूर कोणते हेही कुणाला कळायचं नाही. आज पाचही सूर सुटे सुटे कानी पडत होते. तिसऱ्या आवर्तनाला धाकू पाटलानं हात वर केला आणि भोयांनी पालखी उचलली. "गावदेवी माऊलीचा..." अशी आरोळी उठली. चिंचेखाली मयूरनं स्पीकर बंद केला.

मान राहिला होता. विनिताला त्याचा आनंद व्हायलाही उसंत नव्हती. चालायचं होतं आणि वाजवायचं होतं.

पहिला थांबा मारुतीच्या पाराशी. पालखी टेकली, नारळ फुटला, बायका ओट्या भरायला पुढं सरसावल्या. विनिता पाराला टेकून धापा टाकत होती. ओठाची जखम पुन्हा उघडली होती, हनुवटीवर लाळ आणि रक्त एक झालं होतं. धाकू धोंडीबाला म्हणाला, "वाजला, मास्तर. अर्धा का व्हयना, वाजला. पन पोरीला सांगा, पुन्ना वाद्य धुवू नको."

"सांगतो," धोंडीबा म्हणाला. "अक्कल नाही तिला."

ओटीचं ताट खाली आदळलं. तांदूळ पाराभर पसरले. रखमाबाई गर्दीतून पुढं आली होती.

"तिला बोलू नका," ती म्हणाली. "मी धुतलं. पहाटे. काशीचं पाणी घातलं, तुळस घातली, घंगाळ्यात बुडवून ठेवलं. तुम्ही ते तोंड धुतलेलं मी बघितलं होतं. मला वाटलं, एक धुतलेलं चालतं तर सगळं चालंल. सुनेचं उष्टं देवीपुढं नको म्हणून केलं मी. पोरीला ठाऊक होतं. तरी तिनं स्वतःवर घेतलं." तिला हुंदका आला. "मी चुकले. देवीपुढं सांगते, मी चुकले."

 गंगुबाई खाली बसून तांदूळ गोळा करायला लागली. विनिताला आता मात्र रडू आवरेना, आणि ती आवरायलाही गेली नाही.

धोंडीबानं बायकोकडे बघितलं. मग तो सुनेपाशी आला. तिच्या हातातलं अर्धं वाद्य त्यानं काढून घेतलं, जिथं चावी नाही तिथं धरून. पत्तीवर तिची लाळ होती, रक्ताची लालसर रेघ होती. त्यानं ते पुसलं नाही. सगळ्या गावासमोर, रखमाबाईसमोर, त्यानं ते आपल्या वाकड्या तोंडात घातलं आणि फुंकलं. सूर आला नाही. डाव्या ओठातून वारा फसकन गेला आणि लाळ उपरण्यावर गळली. त्यानं दुसऱ्यांदा फुंकलं. जीभ पत्तीवरून फिरवली. मग वाद्य विनिताच्या हातात परत दिलं.

"पत्ती मऊ पडलीय," तो म्हणाला. "दुसरी लाव. अजून अर्धं गाव बाकी आहे."